केसालाही धक्का न लावता पार्श्वभूमी काढताना

छायाचित्रातील व्यक्तीला मागच्या दृश्यातून वेगळे काढणे हे काम आता एका बटणावर होते. खांदे, गाल, सदऱ्याची कॉलर, साडीचा काठ यांच्या कडा संगणक बहुतेक वेळा बिनचूक ओळखतो. अडते ते केसांपाशी. कपाळावर आणि कानशिलांवर भुरभुरणाऱ्या बटा एकतर साफ नाहीशा होतात आणि डोक्यावर टोप बसवल्यासारखी गुळगुळीत कड येते, किंवा त्या राहतात खऱ्या, पण मागच्या झाडांचा हिरवा अथवा भिंतीचा पिवळा रंग अंगावर घेऊन राहतात. नागपूरच्या महाल भागात माझा लहानसा स्टुडिओ आहे. लग्नाचे अल्बम, स्थळासाठी पाठवायची छायाचित्रे, दिवंगत आईवडिलांच्या तसबिरी अशा कामांत हा प्रसंग वारंवार येतो. त्यातून जी पद्धत पक्की झाली ती येथे मांडत आहे. सॉफ्टवेअर म्हणून फोटोशॉप गृहीत धरले आहे.

सबंध विवेचनासाठी एकच छायाचित्र डोळ्यांसमोर ठेवू. सेमिनरी हिल्सच्या झाडीत संध्याकाळी काढलेला एका तरुणीचा छातीपर्यंतचा फोटो आहे. केस काळे, वेणी पुढे घेतलेली, वेणीत मोगऱ्याचा गजरा, कपाळाभोवती सुट्या बटा आणि मागे उन्हात उजळलेली हिरवी पाने. घरच्यांना मागे साधी, फिकट करडी पार्श्वभूमी हवी आहे.

केस म्हणजे कड नव्हे

माणसाच्या डोक्यावरचा केस साधारणपणे ०.०५ ते ०.१ मिलिमीटर जाड असतो. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने उभ्या चौकटीत फोटो काढला आणि त्या चौकटीत वरपासून खालपर्यंत ६० सेंटिमीटरचा भाग आला, तर ६००० पिक्सेलमध्ये ६०० मिलिमीटर बसतात, म्हणजेच एका पिक्सेलच्या वाट्याला ०.१ मिलिमीटर जागा येते. याचा अर्थ असा की, सुटा केस फार तर एक पिक्सेल भरतो आणि बहुतेक वेळा तेवढाही भरत नाही. त्या पिक्सेलमध्ये काही अंश केसाचा रंग असतो आणि उरलेला अंश मागच्या पानाचा. म्हणून केसांची कड कात्रीने कापता येत नाही. प्रत्येक पिक्सेल किती अंशाने केस आहे हे ठरवावे लागते.

हे एका पिक्सेलवर आकड्यांत पाहिले की पुढचे सारे सोपे होते. प्रत्येक पिक्सेलचा रंग लाल, हिरवा आणि निळा अशा तीन आकड्यांत नोंदला जातो; ० म्हणजे काळोख, २५५ म्हणजे पूर्ण उजेड. केसाचा रंग लाल ३०, हिरवा ३०, निळा ३० असा जवळजवळ काळा आहे आणि मागच्या पानाचा रंग ९०, १६०, ७० आहे असे समजू. पिक्सेलचा ४० टक्के भाग केसाने व्यापला असेल, तर कॅमेऱ्यात नोंदला जाणारा रंग ६६, १०८, ५४ असा येतो. हा पिक्सेल ४० टक्के अपारदर्शक ठेवून पांढऱ्या पार्श्वभूमीवर आणला, तर दिसणारा रंग १७९, १९६, १७५ होतो. खरा केस पांढऱ्या भिंतीसमोर असता, तर तेथे १६५, १६५, १६५ असा करडा रंग दिसला असता. म्हणजे मास्क (कोणता पिक्सेल किती दिसावा हे ठरवणारा काळा-पांढरा पडदा; पांढरे दिसते, काळे लपते) अगदी अचूक असूनही केस हिरवट आणि फिकट दिसतो. दोष मास्कचा नसतो. पिक्सेलमध्ये मुरलेल्या जुन्या रंगाचा असतो.

या कामाचे दोन वेगळे भाग आहेत ते यामुळेच. कोणता पिक्सेल किती पारदर्शक हे ठरवणे हा पहिला भाग, आणि उरलेल्या पिक्सेलला केसाचा मूळ रंग परत देणे हा दुसरा. बहुतेक जण पहिला भाग पुन्हा पुन्हा करत राहतात आणि दुसऱ्याकडे वळतच नाहीत. माझ्या मते केस खोटे दिसण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

फोटो हातात येण्याआधी

फोटो आपणच काढणार असू, तर निम्मे काम तेथेच उरकते. व्यक्तीला भिंतीपासून किंवा पडद्यापासून पाच-सहा फूट पुढे उभे करावे. त्याने मागचा भाग धूसर होतो आणि भिंतीचा रंग केसांवर परावर्तित होत नाही. काळ्या केसांसाठी मधल्या करड्या रंगाचा सपाट पडदा सर्वांत सोयीचा असतो. नागपूरच्या उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट कटाक्षाने पाळावी लागते. खोलीत कूलर चालू असतो आणि त्याच्या झोताने बटा सतत हलत राहतात. शटरचा वेग कमी असेल, तर त्या फोटोत रेघेऐवजी धुरासारख्या उमटतात आणि अशा धुरकट बटांचा नीट मास्क होत नाही. फोटो काढण्यापुरता कूलर बंद ठेवावा आणि शटर १/२०० सेकंद किंवा त्याहून वेगवान असावे. केसांना नुकतेच तेल लावलेले असेल, तर बटा एकमेकींना चिकटून त्यांची संख्या कमी होते, कडा स्वच्छ येतात, मात्र चकाकी वाढते. ती चकाकी पुसू नये, कारण तीच केसांना उठाव देते.

फोटो दुसऱ्याने मोबाईलवर काढलेला असेल, तर आधी दोन गोष्टी विचाराव्यात. पोर्ट्रेट मोडमध्ये फोनने मागचा भाग स्वतःच धूसर केलेला असतो आणि त्या प्रक्रियेत बारीक बटा आधीच पुसल्या गेलेल्या असतात. म्हणून तो परिणाम नसलेला मूळ फोटो मिळतो का, ते पाहावे. दुसरे म्हणजे, व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलेली प्रत लहान आणि दाबलेली असते. तीच फाईल डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगितली, तर ती जशीच्या तशी मिळते. जेपेग फाईलमध्ये रंगाची माहिती बहुधा उजेडाच्या माहितीच्या निम्म्या बारकाव्याने साठवलेली असते, त्यामुळे पानांचा हिरवा शेजारच्या केसांत आणखी पसरतो. कॅमेऱ्याची रॉ फाईल, म्हणजे जेपेग होण्याआधीची मूळ नोंद, उपलब्ध असेल, तर तीच घ्यावी.

पहिला मास्क

मूळ लेअरची (चित्राच्या एकावर एक ठेवता येणाऱ्या थरांना लेअर म्हणतात) एक प्रत काढून ठेवावी आणि प्रतीवर काम करावे. ‘सिलेक्ट सब्जेक्ट’ या आज्ञेने व्यक्तीचे ढोबळ सिलेक्शन होते. त्यानंतर ‘सिलेक्ट अँड मास्क’मध्ये जावे. तेथे ‘व्ह्यू’ बदलून व्यक्ती अशा रंगावर पाहावी जो शेवटच्या पार्श्वभूमीच्या जवळ आहे. आपल्या उदाहरणात फिकट करडा. लाल पडद्यावर किंवा पारदर्शक चौकटींवर पाहून केलेला मास्क पुढे नव्या पार्श्वभूमीवर फसवतो.

आता ‘रिफाइन एज ब्रश’ घेऊन तो केवळ केसांच्या बाहेरच्या पट्ट्यावरून फिरवावा, म्हणजे जेथे एकाच जागी केसही आहेत आणि त्यांतून मागची पानेही दिसतात तेथे. हा ब्रश गालावरून, कानाच्या पाळीवरून, खांद्यावरून फिरला, की तेथील भक्कम कड अर्धवट पारदर्शक होऊन चेहरा कुरतडल्यासारखा दिसतो. गजऱ्याशी तर विशेष जपून वागावे. मोगऱ्याच्या पाकळ्या पांढऱ्या, मागची उन्हातली पाने उजळ. त्यामुळे सॉफ्टवेअर पाकळ्यांना पार्श्वभूमी समजते आणि गजऱ्यात भोके पडतात. गजऱ्याची बाह्यरेषा पेन टूलने स्वतंत्र काढावी आणि तो भाग मास्कमध्ये पूर्ण पांढरा भरावा. हे काम पाच मिनिटांचे आहे आणि ते टाळू नये.

‘स्मूद’ आणि ‘फेदर’ या पट्ट्या शून्यावर ठेवाव्यात, कारण त्या संपूर्ण कडेला सारख्याच लागू होतात आणि सर्वांत आधी बारीक बटा गिळतात. ‘शिफ्ट एज’ने कड आत ओढण्याचा मोहही याच कारणासाठी टाळावा. शेवटी ‘आउटपुट’मध्ये लेअर मास्क असलेला नवा लेअर निवडावा, थेट कापलेले चित्र कधीही घेऊ नये, कारण कापलेला केस परत आणता येत नाही आणि मास्क मात्र पन्नासदा सुधारता येतो.

चॅनलमधून बटा मिळवणे

एवढ्यावर काम भागले तर उत्तमच. दाट केस आणि सपाट पडदा असेल, तर बहुधा भागते. सेमिनरी हिल्सच्या फोटोत मात्र पानापानांत उजेड-सावली आहे आणि तेथे जुनी चॅनलची पद्धत आजही अधिक बारीक बटा वाचवते.

चॅनल म्हणजे चित्रातील एकेका रंगाच्या आकड्यांचे वेगळे कृष्णधवल चित्र. चॅनल्सच्या पॅनेलमध्ये लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही चॅनल एकेक करून पाहावेत आणि ज्यात केस व पार्श्वभूमी यांत सर्वाधिक तफावत आहे तो निवडावा. वरच्या आकड्यांकडे पुन्हा पाहिले, तर उत्तर तेथेच आहे: केसाचा आकडा तिन्हींत ३०, पानाचा लालमध्ये ९०, हिरव्यात १६० आणि निळ्यात ७०. म्हणजे झाडीसमोर हिरवा चॅनल. फुटाळा तलावाच्या काठावर निळ्या आकाशासमोर फोटो असेल, तर निळा चॅनल उपयोगी पडतो, फक्त त्यात दाणे अधिक असतात. हळदीच्या मांडवातल्या पिवळ्या कापडासमोर लाल किंवा हिरवा घ्यावा, कारण पिवळा रंग निळ्या चॅनलमध्ये काळसर दिसतो आणि केस त्यात बुडून जातात.

निवडलेल्या चॅनलची प्रत करावी, कारण मूळ चॅनल बदलला तर चित्राचा रंगच बदलतो. प्रतीवर ‘लेव्हल्स’ उघडून काळी आणि पांढरी टोके हळूहळू जवळ आणावीत, म्हणजे केस काळे आणि पाने पांढरी होत जातील. येथे हात आखडता ठेवणे फार महत्त्वाचे आहे. पार्श्वभूमी पूर्ण पांढरी होण्याच्या हट्टापायी टोके फार जवळ आणली, तर बटांमधल्या करड्या छटा संपतात, आणि त्या छटा म्हणजेच तर आपल्याला हवी असलेली अर्धपारदर्शकता. पानांमधल्या सावलीचे काळे डाग राहिले, तर ते ‘डॉज’ टूल हायलाइट्सवर ठेवून किंवा बटा नसलेल्या जागी साध्या पांढऱ्या ब्रशने काढावेत. मग चित्र उलटे करावे, म्हणजे केस पांढरे आणि बाकीचे काळे होईल.

कंट्रोलची कळ दाबून या चॅनलच्या चौकटीवर क्लिक केले, की त्याचे सिलेक्शन होते. आता आधी केलेल्या पहिल्या मास्कवर जाऊन केसांचा बाहेरचा पट्टा आधीच काळा करून ठेवलेला असावा, आणि सिलेक्शन चालू असताना त्या पट्ट्यावरून मऊ, पांढरा ब्रश एकाच ओढीत, माउस न सोडता फिरवावा. दुसऱ्यांदा फिरवला, तर अर्धपारदर्शक जागा अधिक भरीव होते, तिसऱ्यांदा आणखी, आणि बटा जाड दोऱ्यांसारख्या दिसू लागतात. चेहरा, मान आणि कपडे यांसाठी पहिलाच मास्क राहू द्यावा. एकाच पद्धतीने पूर्ण व्यक्ती कापण्याचा आग्रह धरण्यापेक्षा, ज्या भागाला जी पद्धत मानवते ती वापरावी.

रंग परत देणे

काही वर्षांपूर्वी एका लग्नाच्या अल्बमचे १२ बाय ३६ इंचांचे पान मी या टप्प्याशिवाय छापायला दिले. पडद्यावर लहान आकारात सारे नीट दिसत होते. छापून आलेल्या पानावर नवरीच्या केसांभोवती हिरवी झाक स्पष्ट उमटली होती आणि तिच्या आईच्या नजरेतून ती सुटली नाही. ते पान पुन्हा छापून दिले. तेव्हापासून मास्क झाल्यावर चित्र २०० टक्के मोठे करून केसांची कड पूर्ण फिरून पाहिल्याशिवाय मी पुढे जात नाही.

‘सिलेक्ट अँड मास्क’मधला ‘डीकन्टॅमिनेट कलर्स’ हा पर्याय कडेच्या पिक्सेलला आतल्या भागाचा रंग देतो. तो उपयोगी आहे, पण १०० टक्क्यांवर ठेवला, तर कपाळाजवळच्या बटांना कधी कधी त्वचेचा रंग चढतो. ५०च्या आसपास ठेवून कपाळ आणि कान तपासावेत. यापेक्षा मला हाताने रंग देणे अधिक पसंत आहे, कारण त्यात नेमके कोठे काय केले ते आपल्याला ठाऊक असते.

त्यासाठी व्यक्तीच्या लेअरवर एक रिकामा लेअर घेऊन तो क्लिपिंग मास्कने खालच्या लेअरला जोडावा. त्यामुळे रंग केवळ व्यक्तीवरच बसतो, बाहेर सांडत नाही. हा लेअर ‘कलर’ मोडमध्ये ठेवून आतल्या केसांचा रंग उचलावा आणि हिरवट कडेवरून फिरवावा. हिरवटपणा जातो. मात्र ‘कलर’ मोड उजेड बदलत नाही आणि आपण आकड्यांत पाहिले आहे की, केस हिरवट तर झालाच होता, शिवाय फिकटही झाला होता. म्हणून अगदी बाहेरच्या, एकेकट्या बटांसाठी दुसरा लेअर ‘नॉर्मल’ मोडमध्ये घेऊन त्यावर केसांचा मूळ गडद रंग सरळ फिरवावा. एका पिक्सेलच्या बटेत पोत असा नसतोच, त्यामुळे सपाट रंगाने तिचे काही बिघडत नाही. पारदर्शकता मास्क सांभाळतो. आतल्या दाट केसांवर मात्र हे करू नये, तेथील चकाकी आणि पोत झाकला जाईल. या फोटोत संध्याकाळचे ऊन मागून येत असल्याने काही बटा सोनेरी दिसतात. त्या तशाच राहू द्याव्यात. हिरवा काढायचा आहे, ऊन नव्हे.

जुनी आणि नवी पार्श्वभूमी दोन्ही उजळ असतील तेव्हा

मागे मोकळे आकाश किंवा चुन्याची भिंत असेल आणि नवी पार्श्वभूमीही फिकट असेल, तर एक फार सुरेख मार्ग आहे. मूळ फोटोची एक प्रत नव्या पार्श्वभूमीच्या वर आणि मास्क केलेल्या लेअरच्या खाली ठेवावी, ती कृष्णधवल करावी आणि तिचा मोड ‘मल्टिप्लाय’ करावा. या मोडमध्ये पांढरा रंग नाहीसा होतो आणि गडद रंग खालच्या रंगाला गडद करतो. ‘लेव्हल्स’ने जुनी भिंत शुभ्र केली, की ती अदृश्य होते आणि प्रत्येक बट, अगदी मास्कमध्ये न आलेलीसुद्धा, नव्या पार्श्वभूमीवर आपोआप उमटते. या प्रतीवर मास्क लावून केवळ केसांभोवतीचा पट्टा उघडा ठेवावा. पानांसारखी चित्रविचित्र पार्श्वभूमी असेल, तर पानांच्या सावल्याही उमटतात, म्हणून आपल्या उदाहरणात हा मार्ग चालत नाही.

पांढऱ्या केसांच्या आजोबांचा पांढऱ्या भिंतीसमोरचा फोटो हे सर्वांत कठीण प्रकरण आहे, कारण कोणत्याच चॅनलमध्ये तफावत सापडत नाही. अशा वेळी घरच्यांशी बोलून नवी पार्श्वभूमीही फिकटच ठेवावी. दीक्षाभूमीच्या शुभ्र स्तूपासमोर आजोबांना उभे करावे अशी इच्छा असेल, तर ती सहज पुरी होते. रात्रीच्या निळ्या आकाशासमोर तेच केस कापसाच्या कडेसारखे दिसतील. नव्या पार्श्वभूमीचा उजेड जुन्याच्या जवळपास ठेवणे हा उपाय इतर सर्व युक्त्यांपेक्षा अधिक काम करतो आणि तो कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये चालतो.

उरलेल्या बटा आणि नवे दृश्य

इतके करूनही डोक्याच्या एखाद्या भागाची कड कापल्यासारखी राहिली, तर तेथे बटा रेखाव्यात. वेगळ्या लेअरवर एक ते तीन पिक्सेलचा ब्रश, शेजारच्या केसांतून उचललेला रंग, आणि प्रत्येक रेघ मुळाकडून टोकाकडे निमुळती होत जाणारी. पेन टॅब्लेट असल्यास दाबाप्रमाणे जाडी बदलते आणि काम सोपे होते. बटा एकमेकींना छेदणाऱ्या, कमीअधिक लांबीजाडीच्या असाव्यात. समांतर रेघांची कंगव्यासारखी ओळ ताबडतोब ओळखू येते. आठ-दहा बटा पुष्कळ होतात.

नवी पार्श्वभूमी सपाट रंगाची असेल, तर तिच्यात कडेकडे किंचित गडद होत जाणारी छटा द्यावी आणि एक-दोन टक्के नॉइज मिसळावा, कारण कॅमेऱ्याच्या फोटोत दाणे असतात आणि संगणकाच्या सपाट रंगात नसतात. खऱ्या दृश्याची पार्श्वभूमी असेल, तर प्रकाशाची दिशा आधी जुळवावी. दुपारच्या उन्हातल्या दृश्यासमोर संध्याकाळच्या तिरप्या उन्हातली व्यक्ती ठेवली, तर केस कितीही नीट कापले तरी डोळ्याला खटकते.

पासपोर्टसारख्या अधिकृत कामासाठीच्या फोटोत मात्र या पद्धती वापरू नयेत. तो फोटो पांढऱ्या भिंतीसमोर नव्यानेच काढावा, म्हणजे नाकारला जाण्याची भीती राहत नाही.

फोटोशॉप नसेल, तर विनामूल्य मिळणाऱ्या गिम्पमध्ये ‘फोरग्राउंड सिलेक्ट’ हे टूल आहे. व्यक्तीभोवती सैल रेघ काढावी, मग चेहरा आणि दाट केस यांवर ब्रश फिरवून ते पुढचे म्हणून दाखवावेत आणि भुरभुरणाऱ्या बटांचा पट्टा अनिश्चित म्हणून सोडावा. त्या पट्ट्यातील पारदर्शकता ते स्वतः काढते. रंग परत देण्याचे काम तेथेही हातानेच, वर सांगितल्याप्रमाणे करावे.

काम झाल्यावर मास्क आणि सर्व लेअर असलेली पीएसडी फाईल जपून ठेवावी. पारदर्शक चित्र द्यायचे असेल, तर ते पीएनजीमध्ये द्यावे, जेपेगमध्ये पारदर्शकता साठवली जात नाही. छपाईपूर्वी केसांच्या भागाचा चार-सहा इंचांचा तुकडा प्रत्यक्ष आकारात छापून दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी पाहावा. सेमिनरी हिल्सच्या त्या फोटोच्या तुकड्यात उजव्या कानामागे एक हिरवट बट राहिलेली सापडली. ‘कलर’ लेअरवर एकदा ब्रश फिरवून तिचा हिरवटपणा घालवला आणि मगच फोटो लॅबकडे पाठवला.